डॉक्टर नसताना एमपीएच

‘एमबीबीएस नाही, मग एमपीएच करून काय करणार?’ हा प्रश्न मला घरी जेवताना रोज ऐकू येतो. एमपीएच म्हणजे सार्वजनिक आरोग्यातली मास्टर्स. मी बीएस्सी करून आलेय, आता दुसरं वर्ष.

फील्डवर्क गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात होतं. 2015 ला तिथे माकडतापाची साथ आली होती. तो गोचिडीच्या चाव्यातून होतो, त्यामुळे काजूच्या हंगामात पाचोळ्यात बोंडू (काजूची फळं) वेचणाऱ्यांना धोका जास्त. मी तक्ते घेऊन गोचीड दूर ठेवणारं तेल हातापायांना लावायचं महत्त्व सांगत होते. एका काकींनी हात पुढे केला, ‘बाय, तेलान हात बुळबुळतात, बी निसटते. तूच वेचून बघ.’ वेचून बघितलं, खरंच निसटते. माझ्या प्रश्नावलीत याला रकानाच नव्हता! मेलेलं माकड दिसलं की कळवायचं, हे मात्र त्यांना तोंडपाठ.

मला साथरोगशास्त्राकडे वळायचंय, म्हणून रडतखडत ‘आर’ ही आकडेवारीसाठीची संगणकभाषा शिकतेय. सरकारी जागा कमी, त्यातही कंत्राटी बऱ्याच, हे खरंच. पण तेवढंच धरून बसू नका. गोव्यातच ‘संगथ’ ही संस्था 1996 पासून मानसिक आरोग्यात आहे, आणि डॉक्टर नसलेल्या समुपदेशकांवर त्यांचं बरंच संशोधन उभं आहे.

बायोस्टॅटच्या (जैवसांख्यिकीच्या) नोट्स हव्या असतील तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.