रोड बाइकचे टायर: कार्यालय, सराव आणि शर्यत एकाच जोडीवर निभावेल का?

कोथरूडचा_स्वार

नमस्कार. माझ्याकडे ॲल्युमिनियमच्या फ्रेमची, रिम ब्रेक (चाकाच्या कडीला, म्हणजे रिमला दाबणारे ब्रेक) असलेली जुनी रोड बाइक आहे आणि तिला ७०० बाय २५ चे, म्हणजे २५ मिलिमीटर रुंदीचे टायर आहेत. आठवड्यातून तीन दिवस मी कोथरूडहून चांदणी चौक, बावधन, वाकड या मार्गाने हिंजवडीला कार्यालयात जातो. रविवारी पहाटे खडकवासल्यावरून डोणज्यापर्यंत जातो आणि पायांत बळ उरले असेल तर सिंहगडाचा घाटही चढतो. या हिवाळ्यात ४० किलोमीटरच्या एका टाइम ट्रायलमध्ये (एकट्याने घड्याळाविरुद्ध धावण्याच्या शर्यतीत) उतरण्याचेही मनात आहे.

मागचा टायर मधोमध सपाट झाला असून एका ठिकाणी आतले धागे दिसू लागले आहेत. गेल्या महिन्यात चार पंक्चर झाली, त्यांपैकी शेवटची दोन सलग दोन दिवसांत. टायरवर कमाल १२० पीएसआय (हवेच्या दाबाचे माप) असे छापलेले असल्यामुळे मी नेहमी तेवढीच हवा भरतो, कारण टणक टायर वेगाने धावतो असे आजवर ऐकत आलो आहे. माझे वजन ७२ किलो आहे. तिन्ही कामांना एकच जोडी पुरेल का, किती रुंदीचा टायर घ्यावा आणि पावसाळ्यासाठी नक्षीचा टायर हवा का, याबद्दल अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

घाटवाट

धागे दिसत असतील तर बाकीचा विचार नंतर करा आणि तो टायर आजच उतरवा. अशा टायरवर सिंहगडाचा उतार उतरणे म्हणजे जीव धोक्यात घालणे आहे, आणि हे मी भीती घालण्यासाठी म्हणत नाही.

आता हवेविषयी. टायरच्या बाजूला छापलेला आकडा ही मर्यादा असते, शिफारस नव्हे. चाक फिरताना जमिनीला टेकलेला भाग दबतो आणि सुटताच पुन्हा पूर्ववत होतो, आणि या दबण्या-सुटण्यात रबराच्या अंतर्गत घर्षणामुळे तुमची काही शक्ती उष्णता होऊन वाया जाते. हवा वाढवली की हे नुकसान कमी होते, हे खरे. परंतु ते गुळगुळीत पृष्ठभागापुरतेच. आपल्या रस्त्यांवर, जिथे दर दहा पावलांवर डांबराचे ठिगळ किंवा बुजवलेला चर लागतो, तिथे अतिटणक टायर खडबडीतपणा स्वतःत सामावून घेत नाही. तो प्रत्येक उंचवट्यावर सायकलीला आणि तुम्हाला वर उचलतो, आणि ती शक्ती पुढे जाण्याऐवजी तुमच्या मनगटांत आणि पाठीत जिरते. टणक टायरवर वेग जास्त असल्यासारखे वाटते, कारण हादरे जास्त जाणवतात. तुमच्या वजनाला २५ च्या टायरमध्ये मागे ८५ ते ९० आणि पुढे ८० च्या आसपास हवा पुरे. २८ चा टायर घेतलात तर मागे ७५ आणि पुढे ७० पासून सुरुवात करा आणि ओल्या रस्त्यावर त्यातून पाचेक पीएसआय कमी करा.

माझा कौल २८ लाच आहे. सारख्याच दाबाला रुंद टायरचा जमिनीवरील ठसा आखूड आणि रुंद पडतो, त्यामुळे तो कमी वाकतो. व्यावसायिक शर्यतींतले स्वार २३ वरून २५ आणि पुढे २८ वर आले, त्यामागे हेही एक कारण आहे. मात्र तुमच्या सायकलीवर तो बसतो का, हे विकत घेण्यापूर्वी मोजा. ब्रेकच्या कमानीखाली, फॉर्कच्या (पुढचे चाक धरणाऱ्या दुभागी दांड्याच्या) माथ्याशी आणि मागे सीट ट्यूबजवळ (सीटखालच्या उभ्या नळीजवळ) टायर आणि फ्रेम यांच्यात किमान चार मिलिमीटर मोकळे राहिले पाहिजेत. नाहीतर पावसात अडकलेली खडी फ्रेम घासत राहते. रुंद रिमवर टायर छापलेल्या मापापेक्षा मिलिमीटर-दोन मिलिमीटर अधिक फुगतो, हेही हिशेबात धरा.

नक्षीची आवश्यकता नाही. पाण्यावर तरंगण्याचा प्रश्न मोटारीच्या रुंद टायरचा. सायकलीचा टायर अरुंद असतो आणि त्यात हवेचा दाब जास्त असतो, त्यामुळे तो पाणी सहज बाजूला सारतो. ओल्या डांबरावर पकड ठरते ती रबराच्या प्रतीवर आणि हवेवर.

रोजची_फेरी

दादा, मी गेली सहा वर्षे पावसाळ्यासकट रोज सायकलने कामावर जाते, म्हणून पंक्चरबद्दल लिहिते. सलग दोन दिवस पंक्चर झाले याचा अर्थ बहुधा पहिल्या दिवशीची तार टायरमध्येच राहिली आहे. ट्रक-बसच्या फुटलेल्या टायरमधून सुटणारे पोलादी तारांचे तुकडे बायपासच्या कडेला पडलेले असतात. ते केसाएवढे बारीक असतात आणि बोटाला लागत नाहीत. कापसाचा बोळा घ्या आणि टायरच्या आतून सावकाश पूर्ण एक फेरी फिरवा. जिथे तंतू अडकतील तिथे तार आहे. ती चिमट्याने बाहेरच्या बाजूने ओढून काढा. टायर चढवताना त्यावरील नाव बरोबर व्हॉल्व्हसमोर ठेवा, म्हणजे ट्यूबला जिथे भोक सापडेल, त्यावरून टायरमधील जागा लगेच कळते. ट्यूबला शेजारीशेजारी दोन चिरा दिसल्या तर मात्र तार शोधू नका. ट्यूब खड्ड्याच्या कडेवर रिमखाली चिमटली गेली आहे, म्हणजे हवा कमी होती.

पहिल्या पावसानंतर पंक्चर वाढतात, कारण पाणी काचेला आणि कचला वंगणासारखे काम करते आणि ते रबरात सहज शिरतात. ओल्या दिवशी घरी आल्यावर मी दोन्ही टायर फडक्याने पुसते आणि रुतलेले कण सुईने उकरून काढते. पाच मिनिटांचे काम आहे, पण आज उकरलेला कणच उद्या ट्यूबपर्यंत पोहोचणार होता.

पंक्चररोधक पट्टीचे टायर रोजच्या प्रवासासाठी जरूर घ्या, परंतु सर्वांत जाड आणि कडक घेऊ नका. एकदा मी दुकानदाराच्या सांगण्यावरून तसा टायर बसवला होता; पंक्चर जवळजवळ थांबली, पण ओल्या वळणावर रस्त्याच्या पांढऱ्या पट्ट्यावर चाक सरकले आणि कोपर सोलून निघाले. मधल्या दर्जाचा टायर मला अधिक विश्वासाचा वाटतो. मागचा टायर लवकर झिजतो, कारण वजनाचा मोठा वाटा त्याच्यावर असतो. तो बदलताना पुढचा मागे घ्या आणि नवा पुढे बसवा. जुना टायर पुढे कधीही लावू नका. मागचे चाक घसरले तर सावरता येते, पुढचे घसरले तर नाही.

घड्याळाशी_शर्यत

वरील दोघांशी सहमत आहे. फक्त शर्यतीपुरते सांगतो. एकच जोडी घ्यायची असेल तर कॉन्टिनेन्टलचा २०१८ साली आलेला ग्रँड प्रिक्स ५००० किंवा त्याच वर्गातला दुसरा टायर तिन्ही कामे करील, परंतु हिंजवडीच्या वाटेवर त्याला चिरा पडतील आणि तेव्हा पैशांकडे पाहून वाईट वाटेल. म्हणून दोन जोड्या ठेवा. शर्यतीचे टायर वर्षभर अंधारात, कोरड्या जागी ठेवा आणि शर्यतीच्या आठवडाभर आधी चढवून त्यावर दोन सराव करा. आदल्या रात्री घाईत टायर चढवताना ट्यूब काठाखाली चिमटण्याची शक्यता असते. लॅटेक्सच्या (पातळ, लवचीक रबराच्या) ट्यूबने काही वॉट शक्ती वाचते, पण तिची हवा रात्रीतून उतरते, त्यामुळे सकाळी पुन्हा पंप लावावा लागतो. सिंहगडाच्या उतारावर मात्र ती नको: रिम ब्रेकने रिम तापते आणि लॅटेक्सला ती उष्णता मानवत नाही.

तुमची रिम जुनी आहे, म्हणून ट्यूबलेसच्या (ट्यूबविना चालणाऱ्या टायरच्या) भानगडीत पडू नका. रिम त्यासाठी बनवलेली नसेल तर टायरची कड तिथे खात्रीने धरून राहत नाही.

कोथरूडचा_स्वार

सर्वांचे मनापासून आभार. टायर उतरवून कापूस फिरवला, तर तिसऱ्याच वितीवर तो अडकला. तार नखाच्या निम्म्याएवढीही नव्हती आणि बाहेरून तिचा मागमूसही दिसत नव्हता. फ्रेम मोजली: पुढे २८ आरामात बसतो, मागे ब्रेकखाली जेमतेम तीन मिलिमीटर उरतात. म्हणून पुढे २८ आणि मागे २५, दोन्ही मधल्या दर्जाचे, असे रोजच्यासाठी घेतले आहेत, आणि टाइम ट्रायलसाठीची जोडी दिवाळीनंतर घेईन. आज ८८ आणि ७० हवा भरून बावधनपर्यंत जाऊन आलो. पुलाच्या जोडावर एरवी हँडल हातातून उसळायचे, आज तसे झाले नाही.

रोजची_फेरी

पुढे २८ आणि मागे २५ चालेल. मागच्या २५ मधली हवा दर आठवड्याला पंपावरच्या काट्याने तपासा, अंगठ्याने दाबून नव्हे.