प्रति: हे चित्र नक्की कुणाच्या मृत्यूचं?

वरच्या पोस्टमध्ये इटालियन चित्रकार पिएरो दी कोझिमोच्या लंडनच्या नॅशनल गॅलरीतल्या चित्राला (साधारण १४९५) सरळ 'प्रॉक्रिसचा मृत्यू' म्हटलंय. मला ते पटत नाही. रोमन कवी ऑव्हिडच्या कथेत प्रॉक्रिसला तिच्या नवऱ्याचा, सेफालसचा, भाला चुकून लागतो आणि ती त्याच्याच मिठीत प्राण सोडते. इथे मरून पडलेली तरुणी आहे, पण सेफालस कुठाय? त्याच्या जागी बकऱ्याच्या पायांचा सॅटिर (ग्रीक-रोमन पुराणातला अर्धा माणूस, अर्धा पशू), जो त्या कथेत नाहीच! शिवाय जखमा बघा: गळ्यावर आहेच, पण हातावरही आहेत. भाल्याच्या एका फेकीत असं होईल का?

पण खरं सांगू? कथा कुठलीही असो, मला धरून ठेवतो तो तिच्या पायाशी बसलेला तपकिरी कुत्रा. तो रडत नाही, भुंकत नाही, नुसता बघतो. सॅटिर म्हणजे एरवी दारू आणि लंपटपणा. इथे तो गुडघे टेकून इतक्या हळुवारपणे तिला स्पर्श करतोय, जणू ती जागी होईल. मागे निळसर पाणी, पक्षी, आणखी कुत्री, सगळं आपापल्या नादात.

आणि हो, चित्र ६५ सेंमी उंच नि १८४ सेंमी रुंद आहे. मोबाईलवर त्याची पट्टी होते, झूम करून बघा.