मदत हवी आहे: मिथुन उल्कावर्षावाला एवढी धूळ पुरते कुठून?

जाणकारांनो, एक शंका आहे. ऑगस्टमधल्या ययाती उल्कावर्षावाचं कोडं नाही. त्याचा उगम स्विफ्ट-टटल हा धूमकेतू, बर्फ उडाला की धूळ सुटणारच आणि तीच उल्का होऊन जळणार. पण डिसेंबरमधल्या मिथुन उल्कावर्षावाचा उगम म्हणजे १९८३ साली सापडलेला फेथॉन, आणि तो चक्क लघुग्रह! दीडेक वर्षात सूर्याभोवती एक फेरी, त्यात बुधाच्या कक्षेच्याही आत शिरतो. तिथे खडक तापून तडकतो म्हणे. पण तेवढ्याने सुटलेली चिमूटभर धूळ ताशी शंभरावर उल्कांना कशी पुरेल? मला तरी पटत नाही. की पूर्वी कधी त्याचा मोठा लचकाच तुटला? या उल्का सेकंदाला ३५ किलोमीटर, म्हणजे ययातीपेक्षा बऱ्याच सावकाश येतात. त्या वेगाचा धूळ कशी सुटली याच्याशी काही संबंध? मराठीत वाचण्यासारखं असेल तर सुचवा. थोडंफार गणित चालेल.