फायलींची क्रमवारी: सेटिंग सुधारायचं की नावं?

चिटणीस_पुणे
आमच्या गृहनिर्माण सोसायटीची इतिवृत्तं '०५-०३-२०२३' अशा नावांनी ठेवलेली आहेत. नावानुसार लावली की सगळ्या वर्षांतल्या, सगळ्या महिन्यांतल्या ५ तारखेच्या फायली एका जागी गोळा होतात, कारण संगणक डावीकडून वाचत जातो. माझं ठाम मत आहे की आधी वर्ष, मग महिना, मग दिवस लिहावा: '२०२३-०३-०५ इतिवृत्त'. तारखा लिहिण्याचं आयएसओ ८६०१ हे आंतरराष्ट्रीय मानकही १९८८ पासून हेच सांगतं. जुनी नावं एकदा बसून बदलून टाकावीत.

राजेश_ठाणे
अजिबात पटत नाही. तारखेच्या रकान्यावर एक क्लिक केलं की काम होतं. विंडोज एक्सपीपासून (२००१) एक्सप्लोरर, म्हणजे विंडोजमधला फायली दाखवणारा प्रोग्राम, 'प्रकरण २' हे 'प्रकरण १०' च्या आधी दाखवतो, म्हणजे '०२' अशी पुढे शून्यं जोडायचीही गरज नाही. उलट नावं बदललीत तर ज्या एक्सेलमध्ये त्या फायलींच्या लिंक दिल्या आहेत त्या तुटतील. आणि समिती बदलली की नवे चिटणीस आपल्या पद्धतीने नावं देणारच.

चिटणीस_पुणे
लिंकांचं खरं आहे, त्या आधी तपासायला हव्यात. पण तारखेच्या रकान्यावर विसंबू नका. २०१९ च्या इतिवृत्तात आज एक स्वल्पविराम बदलून सेव्ह केलं, की 'डेट मॉडिफाइड' (शेवटच्या बदलाची तारीख) आजची होते आणि ते आजच्या कागदांत जाऊन बसतं. 'डेट क्रिएटेड' (फाइल तयार झाल्याची तारीख) त्याहून वाईट: पेनड्राइव्हवर कॉपी केली की तिथे कॉपी केल्याची तारीख पडते. लेखापरीक्षकांकडे पेनड्राइव्ह जातो, आपलं सेटिंग जात नाही. नाव मात्र फायलीबरोबर जातं.

मळेकर_वहिनी
तुम्ही दोघंही तारखांतच अडकलात. सभासदांची फोल्डरं आडनावाने असतात, त्यांचं काय? युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकासाठी प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या मानकात, 'ळ' ला 'ल' च्या लगेच पुढची जागा आहे, आपल्या वर्णमालेत तो 'ह' नंतर येतो. त्यामुळे नुसता युनिकोडचा क्रम पाळणाऱ्या प्रोग्रामात मळेकर, मसूरकर, महाजन असं दिसतं. शब्दकोशाच्या क्रमाने मसूरकर, महाजन, मळेकर हवं. 'ॲ' ने सुरू होणारं फोल्डर तर थेट 'ह' च्याही खाली जातं. युनिकोडच्या सीएलडीआर या भाषावार नियमांच्या संग्रहात मराठीच्या क्रमाचे नियम आहेत, ते प्रोग्राम करणाऱ्यांनी वापरायलाच हवेत. इथे मी राजेशभाऊंच्या बाजूने आहे: माणसांनी नावं का वाकवायची?

चिटणीस_पुणे
वहिनी, तोवर पुढे सदनिका क्रमांक लावा: '१०४ मळेकर'.

मळेकर_वहिनी
एका सभासदाच्या दोन सदनिका असल्या तर? आणि सदनिका विकली की क्रमांक नव्या मालकाकडे जातो, जुन्या सभासदाचे कागद मात्र जपावेच लागतात. आडनावच पुढे राहू द्या.

राजेश_ठाणे
वहिनींना अनुमोदन. इतिवृत्तांपुरती तारीख नावात घालायला माझी आता हरकत नाही, सभासदांच्या फोल्डरांना हात लावू नका.