मदत हवी आहे: धरणाला चालणारं कपलिंग रक्तवाहिनीला डायव्हर्ज होतंय

नमस्कार मंडळी, मी सिव्हिलमध्ये पीएचडी करतोय, भूकंपात धरण आणि जलाशय एकत्र कसे हलतात हा विषय. केस अर्थातच कोयना, कारण १९६७ च्या भूकंपात खालच्या बाजूचा उतार जिथे बदलतो तिथे तडे गेले आणि धक्क्याची नोंदही मिळते, त्यामुळे जगभरात लोक आपला कोड त्यावर तपासून बघतात.

आमच्याच विद्यापीठात मेकॅनिकलची एक मैत्रीण रक्तवाहिनीतल्या प्रवाहावर काम करतेय. गणित दोघांचं तेच. ओपनफोम हे सॉफ्टवेअर प्रवाह सोडवतं, कॅल्क्युलिक्स भिंत सोडवतं आणि मधे प्रीसाइस ही लायब्ररी एकीकडून फोर्स नि दुसरीकडून डिस्प्लेसमेंट पोचवते (हेच कपलिंग), म्हणून दोघांनी मिळून एकच सेटअप करायचं ठरवलंय. माझ्याकडे भिंत कडक धरली की पाण्याचा दाब वेस्टरगार्डच्या १९३३ च्या सूत्राशी (भूकंपात धरणावर येणाऱ्या पाण्याच्या दाबाचं) छान जुळतो, आणि भिंत लवचिक केली तरी एटकेन रिलॅक्सेशनवर (दर इटरेशनला बदल किती घ्यायचा ते आपोआप ठरवणारी साधी पद्धत) काम भागतं.

तिच्याकडे मात्र घोडं पेंड खातंय. काँक्रीट पाण्याच्या २.४ पट जड, पण रक्त आणि वाहिनीची भिंत यांची घनता जवळपास सारखीच, त्यात नळी लांब आणि भिंत पातळ. सिरियल एक्स्प्लिसिट (दर टाइमस्टेपला दोन्ही सॉल्व्हर एकामागून एक, एकदाच चालवायचे) लगेच डायव्हर्ज होतं, म्हणजे आकडे भरकटतात, आणि टाइमस्टेप कमी केली तर सुधारायच्या ऐवजी अजून लवकर होतं! हा अ‍ॅडेड मासचाच (भिंतीसोबत हलणाऱ्या द्रवाचं वजन भिंतीला जोडलं जाण्याचा) प्रकार आहे एवढं वाचून कळलंय. पॅरलल इम्प्लिसिट (दोन्ही सॉल्व्हर एकाच वेळी, उत्तर जुळेपर्यंत पुन्हा पुन्हा) आणि क्वासी-न्यूटनवर (आधीच्या इटरेशन्सवरून पुढचा अंदाज बांधणारी आयक्यूएन-आयएलएस पद्धत) सुरुवात चांगली होते पण ठोक्याचा दाब चढायला लागला की इटरेशनची मर्यादा संपते तरी रेसिड्यूअल (दोन इटरेशनमधला उरलेला फरक) खाली येत नाही.

कोणी केलंय का हे? मागच्या किती टाइमस्टेपची माहिती पुन्हा वापरायची आणि क्यूआर२ फिल्टरची (जुन्या माहितीतला निरुपयोगी भाग गाळणारा) लिमिट कशी ठरवायची? फोर्स आणि डिस्प्लेसमेंटच्या आकड्यांत प्रचंड फरक आहे, तर प्रीकंडिशनर (दोन्ही आकडे एका मापात आणणारा) कुठला घ्यावा? आणि मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते म्हणजे, दोन्ही केसेसना एकच सेटिंग ठेवायचा हट्ट धरावा की स्कीम तीच ठेवून आकडे वेगळे चालतील? कमिटीत दरवेळी "यात सिव्हिल कुठे आहे" असं विचारतात, पण धरण आणि धमनी एकाच पद्धतीने सुटतात हे दाखवणं हेच आमचं काम आहे आणि ते नीट व्हावं असं मनापासून वाटतं.

कॉन्फिग फाइल आणि इटरेशनचा लॉग तयार आहे, कोणी बघणार असेल तर लगेच टाकतो.