बीटल्सचा कार्यक्रम पुसला गेला, जाहिरात मात्र टिकली. मग खरा दस्तऐवज कुठला?

जुनीरीळ (धागाकर्ता)

मे १९६६. बीटल्सची नवी सिंगल (दोन गाण्यांची छोटी रेकॉर्ड) यायची होती, एका बाजूला ‘पेपरबॅक रायटर’, दुसऱ्या बाजूला ‘रेन’. या देशातून त्या देशात, या स्टुडिओतून त्या स्टुडिओत तेच गाणं करत फिरायचा चौघांना वीट आला होता. मग दिग्दर्शक मायकेल लिंडसे-हॉगला घेऊन १९ मे रोजी लंडनच्या ईएमआय स्टुडिओत आणि २० मे रोजी चिझिक हाउसच्या बागेत दोन्ही गाण्यांच्या प्रोमो फिल्म, म्हणजे टीव्हीवर दाखवायच्या जाहिरातवजा फिल्म, केल्या. माणसं जायच्या ऐवजी फिल्मचे डबे पाठवायचे. ५ जूनला अमेरिकेत एड सलिव्हनच्या कार्यक्रमात ही गाणी अशीच पोचली.

तरी १६ जूनला ते स्वतः बीबीसीच्या ‘टॉप ऑफ द पॉप्स’मध्ये गेले. तिथे चौघं प्रत्यक्ष हजर राहून थेट प्रक्षेपण झालं ते तेवढंच एकदा, आणि त्याचीच टेप नंतर पुसली गेली. थेट २०१९ मध्ये त्यातले ११ सेकंद वर आले. घरच्या टीव्हीसमोर कुणीतरी ८ मिमीचा कॅमेरा धरला होता. आवाज नाही, आणि तो तुकडा होता मेक्सिकोतल्या एका संग्राहकाकडे.

माझं मत सरळ आहे. ‘दुर्मिळ फुटेज’ म्हणून आपण ज्या प्रोमोंवर जीव टाकतो त्या जाहिराती आहेत. मालकाने हवं तसं उभं केलं, हवं तेवढं दाखवलं. हे ११ सेकंद त्या सगळ्या डब्यांपेक्षा मोलाचे. तुम्हाला काय वाटतं?

मोनोप्रेमी

तुमच्या पायाखालचं जाजम ओढतोय, माफ करा. १६ जूनलाही ते रेकॉर्डवर ओठच हलवत होते. तेव्हा त्या कार्यक्रमात तशीच पद्धत होती. म्हणजे बागेत ओठ हलवले तर जाहिरात, बीबीसीत हलवले तर इतिहास?

जुनीरीळ

माहीत आहे हो. मुद्दा गळ्याचा नाहीच. बीबीसीचा कॅमेरा त्यांच्या पगारावर नव्हता. जे घडलं ते त्या क्षणी घराघरांत गेलं, ‘हा शॉट नको, परत घ्या’ म्हणायची सोय नव्हती. प्रोमोत ती असते.

मोनोप्रेमी

सोय असते, पण माणसं ती वापरतातच असं नाही! २३ नोव्हेंबर १९६५ ला ट्विकनहॅमच्या स्टुडिओत यांनी एका दिवसात पाच गाण्यांच्या दहा फिल्म उरकल्या. ‘आय फील फाइन’मध्ये रिंगो ड्रम सोडून व्यायामाची सायकल हाणतोय. त्याच गाण्याच्या दुसऱ्या फिल्ममध्ये चौघं कागदातले मासे-बटाटे खात बसलेत. गाणं चाललंय, तोंडात घास आहे, ओठ जुळवायची कुणाला पडलेली नाही. ती अर्थातच तेव्हा कुठे दाखवली नाही. कंटाळलेले, हसू दाबणारे बीटल्स बघायचे तर याहून खरं काय हवं? थेट प्रक्षेपणात ते इतके मोकळे कधीच बसले नसते.

फीतदुरुस्ती

दोघंही ‘जपलं’ आणि ‘पुसलं’ असं बोलताय, जणू एकाला कदर होती आणि दुसऱ्याला नव्हती. तसं नाही ते. दोन इंची व्हिडिओ टेप महाग. एकावर मुद्रण करा, पुसा, दुसरं करा, हा रोजचा धंदा होता. पुनःप्रक्षेपणावर कलाकार संघटनांच्या करारांची बंधनं. घरी बघायची कॅसेट हा प्रकार कुणाच्या स्वप्नातही नाही. पुढे १ जुलै १९६७ पासून बीबीसी २ वर रंगीत प्रक्षेपण सुरू झालं, तशी कृष्णधवल टेपची किंमत आणखी उतरली.

प्रोमो टिकल्या कारण त्या बँडच्या मालकीच्या होत्या आणि वेगवेगळ्या देशांत पाठवायला प्रती काढल्या होत्या. एक हरवली तरी दुसरी कुठेतरी असायचीच. यात प्रेमबिम काही नाही.

पाचवीप्रत

+१. आणि एक गंमत. चिझिकच्या फिल्म रंगीत, पण ब्रिटनमध्ये तेव्हा रंगीत प्रक्षेपणच नव्हतं. त्या हिरव्यागार झाडीत बसलेले बीटल्स तिथल्या प्रेक्षकांना करडे दिसले. २०१५ च्या ‘१+’ या बीटल्सच्या गाणी-फिल्मच्या संचात या फिल्म धुऊनपुसून आल्या, तेव्हा आपण ‘अहाहा, मूळ रूप!’ म्हणालो. कुणाचं मूळ रूप? १९६६ मध्ये टीव्हीसमोर बसलेल्या माणसाने हे पाहिलंच नव्हतं.

जुनीरीळ

हाच तर माझा राग. त्या संचाचं एक वेळ चालेल, ते निदान मूळ फिल्मवरून केलंय. पण हल्ली जो तो जुनी फिल्म यंत्राला (एआयला) चारून सेकंदाला ६० फ्रेम करून टाकतो. फिल्मचा दाणा (बारीक रवाळ पोत) गेला, कातडी मेणासारखी, केस एकसंध टोपीसारखे. मधल्या फ्रेम तर कधी टिपल्याच नव्हत्या, यंत्राने मनाने भरल्या. जाहिरातीची जाहिरात झाली ती.

मोनोप्रेमी

इथे मी तुमच्या बाजूला, नाइलाजाने. ‘रेन’च्या चिझिक फिल्ममध्ये पॉलचा चेहरा जवळून येतो तिथे थांबवून बघा. वरच्या दाताचा तुकडा उडालेला आहे. डिसेंबर १९६५ मध्ये लिव्हरपूलला मोपेडवरून पडला होता, ओठही फाटला होता. दात दुरुस्त न करता हा गडी कॅमेऱ्यासमोर उभा राहिला. यंत्राला वाटणार ही फिल्मवरची खोट, आणि ते दात भरून देणार.

पण आता मला सांगा, तो दात आपल्याला कुणी दाखवला? तुमच्या लाडक्या ११ सेकंदांनी की जाहिरातीने?

पाचवीप्रत

माझ्याकडे कॅसेटवरून कॅसेटवर उतरवत आलेली ‘रेन’ होती. त्यात दात सोडा, पॉल कुठला आणि जॉर्ज कुठला हे गिटार कुठल्या हाताने धरलीय त्यावरून ओळखायचं. दात पहिल्यांदा दिसला तो साफ केलेल्या प्रतीत. त्यामुळे सरसकट ‘हात लावू नका’ म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. घाण काढा, ओरखडे काढा. नसलेलं भरू नका, एवढंच.

फीतदुरुस्ती

बोलायला सोपं आहे. ओरखडा काढतानाही त्याखाली जे नाही ते शेजारच्या फ्रेममधून उचलूनच भरावं लागतं. ‘काढणं’ आणि ‘भरणं’ यांच्यामधली रेघ कुणी आखायची? म्हणून मूळ निगेटिव्ह तशीच शाबूत ठेवायची आणि जो काही मेकअप करायचा तो प्रतीवर.

जुनीरीळ

दाताचा मुद्दा मान्य. बाकी मी होतो तिथेच आहे. ती १६ जूनची टेप उद्या अख्खी सापडली, तर तिच्या बदल्यात मी प्रोमोचे सगळे डबे देऊन टाकीन.

मोनोप्रेमी

डबे तुमचे आहेत कुठे, देऊन टाकायला!