वाचनालयाच्या जुन्या डेस्कटॉपसाठी कोणते लिनक्स घ्यावे? तीन डिस्ट्रो बदलल्या, अडचण तीच राहिली

ग्रंथपाल_सातारा

नमस्कार. सातारा जिल्ह्यातील एका गावच्या सार्वजनिक वाचनालयाचे काम मी पाहतो. वाचनालयात एकच डेस्कटॉप आहे. त्यात इंटेल कोअर आय३-३२२० प्रोसेसर, एच६१ चिपसेटचा मदरबोर्ड, ४ जीबी डीडीआर३ रॅम आणि ५०० जीबीची हार्ड डिस्क आहे. विंडोज १० चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि हा प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत बसत नाही. नवा संगणक घेण्याइतकी शिल्लक वाचनालयाकडे नाही, म्हणून लिनक्स घालायचे ठरवले.

पहिल्यांदा डेबियन १२ ही डिस्ट्रो, म्हणजे लिनक्सचा एक तयार प्रकार, घातली. त्यात यूएसबी वायफाय डोंगल चालला नाही, म्हणून फेडोरा घातले. तिथे डोंगल चालला, पण एका सकाळी पडद्यावर ‘रीबूट अँड सिलेक्ट प्रॉपर बूट डिव्हाइस’ एवढीच ओळ आली आणि संगणक पुढे गेला नाही. कसाबसा सुरू केल्यावर ब्राउझर प्रत्येक संकेतस्थळ असुरक्षित असल्याचे सांगू लागला. कंटाळून लिनक्स मिंट २२ घातले. आता ब्राउझरची तक्रार नाही, पण सुरू न होण्याचा त्रास आठवड्यातून दोन-तीन वेळा होतोच, आणि सकाळी अद्यतने तपासली की ‘रिलीज फाइल इज नॉट व्हॅलिड येट’ असा संदेश येऊन पुढे काही तासांचा आकडा दिसतो. थोड्या वेळाने तेच काम विनातक्रार होते.

पुस्तकांची दाखल नोंदवही, देवघेव, वर्गणीच्या पावत्या आणि वार्षिक अहवाल एवढेच आमचे काम आहे. या संगणकाला मानवेल अशी डिस्ट्रो कोणती, हे जाणकारांनी कृपया सांगावे. चौथ्यांदा सगळे पुसून पुन्हा घालण्याची माझी तयारी आहे, परंतु ते शेवटचे असावे अशी इच्छा आहे.

दुरुस्ती_इचलकरंजी

नमस्कार सर. चौथी डिस्ट्रो तूर्त घालू नका. तीन वेगवेगळ्या डिस्ट्रोंपैकी दोन एकाच जागी अडखळत असतील आणि तिसरी फार दिवस टिकलीच नसेल, तर दोष डिस्ट्रोत असण्याची शक्यता कमी आणि खालच्या यंत्रात असण्याची जास्त असते. नाव सुचवण्याआधी मला तीन गोष्टी कळायला हव्यात.

रात्री वाचनालय बंद करताना आपण संगणक नुसता शट डाउन करता की भिंतीवरचे बटणही बंद करता? विंडोज असताना घड्याळ कधी चुकत असे का? आणि उद्या सकाळी लिनक्स सुरू होऊ न देता, वीज लावल्याबरोबर डिलीट किंवा एफ२ कळ दाबून बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या मूळ मांडणीच्या पडद्यावर, जा आणि तिथे दिसणारी तारीख-वेळ कागदावर लिहून घ्या. लिनक्स एकदा सुरू होऊन इंटरनेटला जोडले गेले की ते योग्य वेळ मदरबोर्डच्या घड्याळातही लिहून टाकते, त्यामुळे नंतर पाहून उपयोग होत नाही.

ग्रंथपाल_सातारा

आपल्या प्रश्नांबद्दल आभारी आहे. पावसाळ्यात एकदा वीज पडून शेजारच्या दुकानातला संगणक जळाला, तेव्हापासून मी रात्री भिंतीवरचे बटण बंद करतो, पण पुष्कळदा विसरतोही. विंडोज असताना घड्याळ चुकायचे हे खरे आहे. मी ते हाताने लावून घेत असे आणि त्यात काही विशेष आहे असे मला कधी वाटले नाही.

आज सकाळी बायोस पाहिले. तारीख १ जानेवारी आणि साल २०१२ होते. मिंट सुरू झाल्यावर मात्र पडद्यावर काल संध्याकाळची तारीख-वेळ होती, आणि मोबाइलचा हॉटस्पॉट जोडल्यावर मिनिटभरात ती बरोबर झाली. वाचनालयात वेगळे इंटरनेट नाही, मी दुपारपर्यंत हॉटस्पॉट लावतो. २०१२ साल आणि काल संध्याकाळ या दोन वेगळ्या वेळा कशा दिसल्या, हे कोडे मला उलगडलेले नाही.

दुरुस्ती_इचलकरंजी

सर, आपल्या मदरबोर्डवरची नाण्याच्या आकाराची बॅटरी संपली आहे. तिच्यावर सीआर२०३२ असे कोरलेले असते. नवी असताना ती ३ व्होल्टची असते. वीज बंद असताना मदरबोर्डचे घड्याळ आणि बायोसच्या मांडण्या टिकवणे एवढेच तिचे काम असते. भिंतीवरचे बटण चालू असेल तर संगणक बंद असूनही पॉवर सप्लायमधून मदरबोर्डला थोडी वीज मिळत राहते आणि बॅटरीची उणीव जाणवत नाही. म्हणून ज्या रात्री आपण बटण बंद करायला विसरता, त्याच्या दुसऱ्या दिवशी संगणक गुणाने सुरू होतो. आठवड्यातून ‘दोन-तीन वेळा’ या शब्दांनी मला ती शंका आली होती, कारण बिघडलेली डिस्क अशी वार पाहून त्रास देत नाही.

आता आपल्या कोड्याबद्दल. मिंट आणि ते ज्यावर उभे आहे त्या उबुंटू २४.०४ मध्ये वेळ जुळवणारी एक छोटी सेवा असते. ती शेवटची माहीत असलेली वेळ डिस्कवरच्या एका फाइलच्या नोंदीत जपते. पुढच्या वेळी सुरू होताना मदरबोर्डचे घड्याळ त्याहून मागे दिसले, तर ती घड्याळ ओढून निदान त्या जपलेल्या वेळेपर्यंत आणते. म्हणून आपल्याला २०१२ ऐवजी काल संध्याकाळ दिसली. अद्यतनांच्या साठ्यातील यादीवर मात्र आज पहाटेची वेळ असते, आणि संगणकाच्या लेखी ती यादी अजून जन्मलेलीच नसते. त्या संदेशात दिसणारे तास म्हणजे घड्याळ जितके मागे आहे त्यातलेच अंतर होय. फेडोरात वेळ जुळवण्याची व्यवस्था वेगळी आहे, तिथे इंटरनेट येईपर्यंत घड्याळ कित्येक महिने मागे राहिले असावे. संकेतस्थळांची ओळख पटवणारी प्रमाणपत्रे ठरावीक मुदतीची असतात आणि अनेकांची मुदत ९० दिवसांचीच असते, त्यामुळे ब्राउझरला ती सगळी भविष्यातली वाटली. मिंटने तक्रार केली नाही याचा अर्थ मिंट आपल्या यंत्राला जास्त मानवले असा होत नाही, त्याने दोष थोडा झाकला इतकेच.

राहिला सुरू न होण्याचा भाग. बॅटरी संपली की बायोस मूळ मांडणीवर जाते. त्या काळातल्या पुष्कळ मदरबोर्डांवर मूळ मांडणीत संगणक सुरू करण्याच्या जुन्या लेगसी पद्धतीला अग्रक्रम असतो. आपले विंडोज बहुधा त्याच पद्धतीने घातलेले होते, म्हणून बॅटरी संपूनही ते सुरू होत राहिले आणि दोष फक्त घड्याळात दिसला. लिनक्स आपण यूईएफआय या नव्या पद्धतीने घातले असावे, आणि लेगसी पद्धतीने शोधल्यास त्या डिस्कवर सुरू करण्याजोगे काहीच सापडत नाही. म्हणून त्रास लिनक्सबरोबर आला असे भासले.

बॅटरी बदलताना भिंतीवरचे बटण बंद करून वायर काढा, पेटीच्या उघड्या धातूला हात लावून अंगावरची स्थिर वीज जाऊ द्या, आणि बॅटरीच्या कडेची लहान पट्टी नखाने बाजूला सारा, म्हणजे ती आपोआप वर येते. अक्षरे असलेली बाजू वर ठेवून नवी बसवा. त्यानंतर बायोसमध्ये तारीख लावा, साटाची, म्हणजे डिस्कच्या जोडणीची, पद्धत एएचसीआय करा आणि सुरू होण्याच्या क्रमात ‘उबुंटू’ नावाची नोंद पहिली ठेवा. मिंट घातलेले असूनही ती नोंद उबुंटू याच नावाने दिसते. त्यावरून गोंधळून जाऊ नका.

डेबियन_पुणे

वरील निदान मला पूर्ण पटते, पण प्रश्न डिस्ट्रोचाही होता, म्हणून माझे मत मांडतो. डेबियन १२ मध्ये डोंगल चालला नाही यामागे डेबियनची नावड हे कारण नाही, कर्नलचे, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचे, वय हे आहे. डेबियन १२ चे कर्नल ६.१ आहे आणि मिंट २२ चे ६.८. रिअलटेकच्या ८८११सीयू व ८८२१सीयू या चिप स्वस्त डोंगलमध्ये सर्रास असतात, आणि त्यांचा चालक (ड्रायव्हर) कर्नलमध्ये ६.२ पासून आला. जोडलेली यूएसबी उपकरणे दाखवणारी एलएसयूएसबी ही आज्ञा दिल्यावर आपल्या डोंगलचे नाव त्यापैकी निघाले, तर उत्तर तेच आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ चे कर्नल ६.१२ आहे, त्यात हा प्रश्न उरत नाही.

माझा कल डेबियन १३ आणि एक्सएफसीई डेस्कटॉपकडे आहे. वाचनालय मोबाइलच्या डेटावर चालते ही गोष्ट मी सर्वांत महत्त्वाची मानतो. डेबियनच्या स्थिर आवृत्तीत सुरक्षेच्या दुरुस्त्या सोडल्या तर फारसे काही बदलत नाही, त्यामुळे डाउनलोड कमी होते. फेडोरा उत्तम आहे, मी स्वतः ते कामावर वापरतो, पण तिची प्रत्येक आवृत्ती साधारण १३ महिनेच सांभाळली जाते. जिथे एकच माणूस पुस्तकेही सांभाळतो आणि संगणकही, तिथे दरवर्षी आवृत्ती बदलण्याचे काम त्याच्यावर लादू नये.

दुरुस्ती_इचलकरंजी

डेबियनबद्दल आदर ठेवूनही मी इथे असहमत आहे. सरांच्या यंत्रावर मिंट आधीच बसलेले आहे, डोंगल चालतो आहे, आणि मिंट २२ ला २०२९ पर्यंत अद्यतने मिळणार आहेत. चालणारी गोष्ट पुसून दुसरी घालण्याला सबळ कारण हवे. शिवाय मिंटमधील टाइमशिफ्टने अद्यतनाआधी व्यवस्थेची प्रत ठेवता येते आणि बिघाड झाल्यास मागे जाता येते. त्या प्रतीत सरांची कागदपत्रे मात्र येत नाहीत, दाखल नोंदवहीची प्रत वेगळ्या पेन ड्राइव्हवर ठेवावीच लागेल. डेटाची काळजी रास्त आहे, त्यासाठी अद्यतन व्यवस्थापकात रोजच्याऐवजी आठवड्याने तपासणी लावता येते.

पैसे खर्च करायचेच झाले तर बॅटरीनंतर हार्ड डिस्कऐवजी २४० किंवा २५६ जीबीची एसएसडी घ्या, आणि मग जुन्या बाजारातून ४ जीबीची आणखी एक डीडीआर३ पट्टी. या प्रोसेसरला आजही हे काम सहज झेपते, खरी अडचण त्या फिरत्या डिस्कची आहे.

ग्रंथपाल_सातारा

दोघांचेही मनापासून आभार. बॅटरी आज तालुक्याच्या गावाहून आणतो. यासोबत आणखी एक अडचण विचारतो. आमच्या जुन्या दाखल नोंदवहीची फाइल मराठीच्या जुन्या, युनिकोड ही आजची समान संकेतपद्धत येण्यापूर्वीच्या फाँटमध्ये टंकलेली आहे. लिब्रेऑफिसमध्ये उघडल्यावर नुसती इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे दिसतात. तसेच मी इनस्क्रिप्ट या कीबोर्ड मांडणीने टंकन करतो, परंतु ‘वऱ्हाड’ शब्दातला अर्धा र मला इथे जमत नाही. वऱ्हाडी कवितेची पुस्तके आमच्याकडे बरीच आहेत.

टंकन_नागपूर

नमस्कार. सोपे आधी सांगतो. कीबोर्डच्या मांडण्यांत ‘मराठी, एनहान्स्ड इनस्क्रिप्ट’ ही निवडा. शिफ्ट धरून र ची कळ दाबली की नुक्त्याचा ऱ येतो, त्यापुढे हलन्त आणि मग ह दिल्यास ‘ऱ्ह’ तयार होते. ‘दुसऱ्या’, ‘सुऱ्या’ यांतला ‘ऱ्य’ही असाच येतो. साधा र आणि हलन्त दिल्यास रफार होतो आणि ‘वर्हाड’ असे चुकीचे उमटते.

जुन्या फाइलचे काम धीराचे आहे. जुना फाँट आपल्याकडे असल्यास तो घरच्या फोल्डरमधील फाँटच्या जागी ठेवताच मजकूर नीट दिसू लागेल, पण त्याने पाहण्यापुरतीच सोय होते. आत अजूनही इंग्रजी अक्षरांचेच संकेत असल्याने लेखकाच्या नावाने शोध घेता येणार नाही आणि अकारविल्हे लावताही येणार नाही. त्यासाठी त्या विशिष्ट फाँटचा युनिकोड परिवर्तक वापरावा लागेल. परिवर्तनानंतर ऱ्हस्व वेलांटी आणि रफार असलेले शब्द डोळ्यांनी तपासा. जुन्या फाँटमध्ये वेलांटी दिसते त्या क्रमाने, म्हणजे व्यंजनाच्या आधी टंकलेली असते, आणि युनिकोडमध्ये ती व्यंजनानंतर येते. रफाराचे याच्या उलट आहे. ‘किर्लोस्कर’ या एका नावात दोन्ही गोष्टी येतात, त्यामुळे परिवर्तक पारखायला ते चांगले आहे. पहिल्या पन्नास नोंदी मूळ कागदी वहीशी ताडून पाहा आणि मगच सगळी फाइल फिरवा. मूळ फाइल पुसू नका. वर्णक्रम लावताना लिब्रेऑफिस कॅल्कमधील पर्यायांत भाषा मराठी निवडा.

ग्रंथपाल_सातारा

कळवायला चार दिवस उशीर झाला, कारण खात्री करून लिहायचे होते. बॅटरी बदलली. जुनी बॅटरी दुकानदाराने मल्टिमीटरवर पाहिली तेव्हा ती १.४ व्होल्ट दाखवत होती. बायोसमध्ये तारीख, एएचसीआय आणि ‘उबुंटू’ची नोंद सांगितल्याप्रमाणे लावली. त्यानंतर सलग चार रात्री भिंतीवरचे बटण बंद ठेवले आणि चारही सकाळी लिनक्सच्या आधी बायोस उघडून पाहिले. तारीख आणि वेळ बरोबर होती, क्रमही जागेवर होता. अद्यतनांचा तो संदेश पुन्हा आला नाही.

मिंटच ठेवले आहे. डोंगलची चिप ८८११सीयू निघाली, म्हणजे डेबियनबद्दलचे आपले म्हणणेही बरोबर होते. एसएसडीचा विषय पुढील मासिक सभेत मांडणार आहे. दाखल नोंदवहीच्या पहिल्या पन्नास नोंदी फिरवून कागदी वहीशी ताडल्या, त्यांत सहा ठिकाणी रफार चुकीच्या अक्षरावर गेला होता, तो हाताने दुरुस्त केला. माझ्यानंतर जो कोणी हे काम पाहील त्याच्यासाठी बॅटरी बदलल्याची तारीख एका चिठ्ठीवर लिहून ती पेटीच्या झाकणाला आतून चिकटवली आहे.